उणिवांची चौकट

‘कर्सर’ मासिकात उणिवांची चौकट रिकामी सोडायची नाही, हा संपादक अनंतराव गानूंचा नियम होता. व्हिडिओ गेम कितीही चांगला असो, परीक्षणाच्या शेवटी दोन चौकटी यायच्याच. डावीकडे ‘जमेच्या बाजू’, उजवीकडे ‘उणिवा’. त्यांच्याखाली चित्र, आवाज, खेळ आणि टिकाऊपणा यांचे दहापैकी गुण आणि तळाला जाड ठशात एकूण गुण. परीक्षण लिहिणाऱ्याने रक्त आटवावं आणि अप्पा बळवंत चौकातल्या पोरांनी दुकानात उभ्या उभ्या नुसता तळाचा आकडा बघून अंक परत जागेवर ठेवून द्यावा, असा एकूण व्यवहार होता.

अनंतरावांनी स्वतः एकही गेम कधी खेळला नव्हता. आधी ते एका बँकेचं गृहपत्र काढायचे. संगणकाचे दिवस आले तसं त्यांनी हे मासिक काढलं. एखाद्याने उणीव लिहून दिली नाही, तर ते पानावर लावलेलं खेळातलं चित्र डोळ्यांजवळ धरायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि सुचेल ती ओळ ठोकून द्यायचे. ‘गाडीचा रंग भडक आहे.’ ‘सैनिकाच्या अंगात रेनकोट हवा होता.’ पुण्यात राहून माणसाला एक उणीव सापडत नाही म्हणजे त्याने नीट बघितलेलंच नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

परीक्षणं लिहिणाऱ्या इम्तियाज बागवानला या चौकटीने कधी अडवलं नव्हतं. खोट काढण्यात त्याचा हात धरणारा तिथे कोणी नव्हताच. त्याचं दुखणं वेगळं होतं. तो चार गुण द्यायचा, मग त्या कंपनीची पानभर जाहिरात यायची आणि छापताना चाराचे सात व्हायचे. मजकूर मात्र तसाच राहायचा, कारण तो बदलायला वेळ कोणाला होता? म्हणजे वर लिहिलेलं असायचं की हा खेळ कंटाळवाणा, तुटका आणि सरळसरळ चोरलेला आहे, आणि खाली जाड ठशात सात. सदाशिव पेठेतल्या एका वाचकाने पत्र पाठवून विचारलं होतं, की आपले परीक्षक आणि गुण देणारे गृहस्थ एकमेकांशी बोलत नाहीत का? अनंतरावांनी ते पत्र कौतुकाने छापलं. इम्तियाजला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

“सर, एकदा तरी मी दिलेला आकडा जसाच्या तसा छापा,” तो म्हणाला होता.

“छापू की,” अनंतराव म्हणाले होते. “तू एकदा छापण्यासारखा दे.”

त्यामुळे दोन हजार चार सालच्या मे महिन्यात ते पांढरं पाकीट आलं, तेव्हा इम्तियाज मनातून खूश झाला. आत एक सीडी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं नाव, ‘गल्ली’. बाकी काही नाही. सोबत कंपनीची माहिती नाही, जाहिरात नाही, गोड बोलणारा माणूस नाही. पाकिटाच्या मागे फक्त वाघोलीचा पत्ता होता. ज्याची जाहिरात नाही, त्याचा आकडा वाढवण्यात अनंतरावांना रस असायचं कारण नव्हतं. हा गेम हातून सुटला नाही पाहिजे, असं त्याने ठरवलं आणि सीडी घरी नेली.

घर गुलटेकडीला, मार्केट यार्डच्या जवळ. खाली अब्बा-अम्मीच्या दोन खोल्या आणि वर जिन्याने जायची एक खोली, ती इम्तियाजची. खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक, खिडकीबाहेर कडुनिंब. त्याचे वडील मकबूलभाई यार्डात कांद्याच्या गाळ्यावर लिलाव पुकारायचे. गोण्यांच्या थप्पीसमोर उभं राहून ते भाव चढवत न्यायला लागले, की गेटवरचा चहावाला तिथूनच सांगायचा, आज कांदा कितीला सुटतोय ते. गळा हीच त्यांची दौलत होती. घरी बायको-मुलाशीसुद्धा ते तसेच बोलायचे, आणि रोज सकाळी यार्डात निघण्याआधी जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून हाक मारायचे, “इम्तियाज, खाली ये रे, चहा निवतोय!” गल्लीतली अर्धी पोरं त्या हाकेवर उठायची. इम्तियाजला ती हाक लहानपणापासून डोक्यावर आदळत आली होती आणि तो दररोज वैतागूनच खाली यायचा.

खेळ सुरू झाला आणि इम्तियाजच्या लक्षात आलं की यात काहीच घडत नाही. सकाळची वेळ. एक गल्ली. आपण तिच्यातून चालायचं. आपलं शरीर दिसत नाही, फक्त पुढ्यात पडलेली आपली सावली दिसते. एक झाड, झाडाखाली फळांचा गाडा, गाड्यामागे एक म्हातारा. समोर दुमजली घर, त्याच्या वरच्या खिडकीत टेबल, टेबलावर चालू संगणक आणि रिकामी खुर्ची. मारामारी नाही, शर्यत नाही, जिंकणं-हरणं नाही. म्हाताऱ्याजवळ गेलं की तो बोलायचा, “या, बघून घ्या,” आणि ते बँकेच्या फोनवरच्या मशीनबाईसारखं सपाट. इम्तियाजने गल्लीत चार चकरा मारल्या, जांभई दिली आणि लिहायला बसला. उणिवांच्या चौकटीत पहिली ओळ पडली, ‘झाडाची पानं पुठ्ठ्याची वाटतात, वाऱ्यावर हलतसुद्धा नाहीत.’

दुसऱ्या दिवशी पानासाठी चित्रं घ्यायला म्हणून त्याने खेळ पुन्हा लावला. पानं हलत होती. नुसती हलत नव्हती, उन्हात उलटी-सुलटी होऊन चकाकत होती. काल आपण नीट पाहिलं नसणार, असं त्याने स्वतःला सांगितलं आणि वैतागून ती ओळ खोडली. आपल्या हातून असं होतं म्हणजे काय, याचाच त्याला राग आला. खोडलेल्या ओळीच्या जागी त्याने दुसरी लिहिली, ‘ही गल्ली कुठल्याही गावाची असू शकते. जागेला स्वतःची अशी एकही खूण नाही.’

तिसऱ्या दिवशी गल्लीत एक निळा ड्रम होता. फुटक्या झाकणाचा, झाकणावर वीट ठेवलेला.

तसा ड्रम त्याच्या घराखाली, शेजाऱ्यांच्या नळाशी होता. फुटकं झाकण आणि वीटसुद्धा. इम्तियाज खिडकीतून वाकला. नळाशी ओला गोल डाग होता आणि ड्रम नव्हता. खाली अम्मी, अख्तरबानू, कपडे वाळत घालत होती.

“ड्रम कुठे गेला गं?”

“कोणी नेला कोण जाणे. लोक आता फुटकं-तुटकंही सोडत नाहीत.” मग ती कमरेवर हात ठेवून झाडाकडे बघत राहिली. “आणि या झाडाला काय झालंय? बघ तरी.”

दोरीवरच्या चादरी फडफडत होत्या. अम्मीचा पदर उडत होता. कडुनिंब मात्र एका पानाने हलत नव्हता.

आता इम्तियाज काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. संगणकाने मूर्खपणा केला की त्यामागे एखादा माणूस असतो, हे त्याला पोटापाण्याच्या अनुभवाने माहीत होतं. त्याने सगळं तपासलं. घरी इंटरनेट नव्हतं. सीडीवर एकदा जे भरलं ते भरलं, तिच्यावर नवीन काही लिहिता येत नाही. त्याच्या फाइली खेळ चोरून वाचत असेल म्हणावं, तर वाचून चित्रं कोण काढणार? ऑफिसात पानं लावणाऱ्या नीरजाने थट्टा केली असेल असाही त्याला संशय आला. तो तिच्या टेबलाशी गेला आणि तिला सरळ विचारलं.

“मला तेवढा वेळ असता तर मी झोपले असते,” नीरजा म्हणाली. “तुझं पान कधी देतोयस? सर दोनदा विचारून गेले.”

पान कसं देणार? काल लिहिलेली उणीव आज खोटी ठरत होती. ज्याच्या परीक्षणाचा एकच आकडा आयुष्यात खरा छापून यायचा होता, त्याचं परीक्षणच रोज नासत होतं. मग त्याने एक चाचणी घ्यायची ठरवलं. त्या दुपारी त्याने संगणकाला हात लावला नाही. ऑफिसातल्या कागदावर, पेनाने, हाताचा आडोसा धरून लिहिलं, ‘फळवाल्याचा आवाज मशीनसारखा आहे. त्यात जान नाही.’ कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात घातली आणि ती घरी जाऊनही बाहेर काढली नाही.

सकाळी त्याला उशिरा जाग आली. कशाने तरी झोपेत चुकल्यासारखं झालं होतं. त्याने संगणक लावला, गल्लीत शिरला, गाड्याजवळ गेला.

“या, बघून घ्या! घेतलंच पाहिजे असं कुठेय?” म्हातारा म्हणाला.

तो अब्बांचा आवाज होता. शेवटच्या शब्दाला वर उचलायची त्यांची लकबसुद्धा तीच. क्षणभर इम्तियाजला हसू आलं, कारण मागे वळून बघितलं तर अब्बा दारात असतील असं त्याला खरंच वाटलं. मग आज सकाळची हाक आली नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

तो जिना उतरला. अब्बा खाटेवर बसले होते, हात गळ्यावर. चहा समोर तसाच होता. त्यांनी त्याच्याकडे पाहून तोंड उघडलं, ओठ हलले, आणि फुटक्या पिपाणीतून हवा जावी तसं काहीतरी बाहेर आलं.

“सकाळपासून असंच आहे,” अम्मी म्हणाली. “हळद घालून दूध दिलं. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. तू जरा डॉक्टरकडे ने ना.”

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि कुठे काही नाही, असं सांगितलं. सूज नाही, गाठ नाही. आवाजाला विश्रांती द्या. अब्बांनी इम्तियाजच्या हातावर बोटाने टकटक केलं आणि यार्डाच्या दिशेला हात दाखवला, म्हणजे उद्या लिलाव आहे, त्याचं काय? गाळ्यावर तात्पुरता दुसरा माणूस उभा राहिला. अब्बा सवयीने यार्डात जायचे, गोण्यांवर बसायचे आणि त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहायचे. परत आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

इम्तियाजला स्वतःचा भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त, तो राग कोणापुढे काढता येत नाही याचा. सांगणार काय? मी एक ओळ लिहिली आणि माझ्या बापाचा आवाज गेला? तो खोलीत आला आणि त्याने हातात सापडेल तसं लिहिलं, ‘फळवाल्याचा आवाज कर्कश आहे. नकोसा वाटतो. काढून टाकायला हवा.’ जे खोट म्हणून सांगितलं की बदलतं, ते खोट म्हणून सांगून परतही येईल, असा त्याचा हिशेब होता.

खेळाने ऐकलं, पण आपल्या पद्धतीने. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा आवाज तोच होता, फक्त त्यातली खरखर गेली होती. अब्बा तिशीत असताना बोलत असतील तसा तो स्वच्छ आणि गोड लागत होता. खाली अब्बांना खोकल्याची उबळ आली. त्यांचे खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली. आवाज अजिबात झाला नाही.

अम्मीने तोंडावर पदर दाबून धरला.

सीडी मोडून टाकावी म्हणून इम्तियाजने ती दोन्ही हातांत धरलीसुद्धा. पण मोडली आणि आत जे आहे ते आतच संपलं तर? त्याने ती पुन्हा पाकिटात घातली, पाकीट उलटं केलं आणि मोटारसायकल काढून वाघोलीला गेला.

नगर रस्त्यावरून आत वळल्यावर त्या पत्त्यावर एक इमारत होती, म्हणजे व्हायची होती. खिडक्यांना चौकटी नाहीत, जिन्याला कठडा नाही. खाली वाळूच्या ढिगाशी भैरू नावाचा राखणदार बसला होता.

“हितं कंचं आलंय ऑफिस?” तो म्हणाला. “समदं बांधकाम हाय. मानसं ऱ्हायला यायला लई येळ हाय अजून.”

“पत्ता तर हाच आहे.”

भैरूने पाकीट उलटं-सुलटं करून बघितलं. “आक्षी असलंच पाकीट घिऊन मागं बी एक जण आलता. शिकल्याला दिसत व्हता. तोंडानं काय बोलंना. खुणा करून इचारायचा.”

“मुका होता?”

“तसं म्या बी म्हनलं.” भैरूने तंबाखू मळता मळता जरा विचार केला. “पर जल्माच्या मुक्याला खुणा चांगल्या येत्यात. ह्याला जमत नव्हत्या. मधीच तोंड उघडायचा आन् रडाया लागायचा.”

परतताना येरवड्याच्या सिग्नलला इम्तियाजच्या मागे गाड्यांनी हॉर्नचा गदारोळ केला तेव्हा कुठे त्याला कळलं की दिवा हिरवा झालाय. वाटेत त्याला एकच गोष्ट सुचली होती. हा खेळ उणीव मागतो. उणीव सांगितली की ती भरून काढतो, आणि भरायला लागणारा माल सांगणाऱ्याच्या घरातून नेतो. मग उणीवच सांगितली नाही तर? काही कमी नाही, सगळं पूर्ण आहे, असं कबूल केलं तर त्याला घ्यायला काही उरणार नाही. आणि कदाचित, कदाचित, घेतलेलं तो सोडेलही.

त्याने आयुष्यात कधी कोणत्या खेळाला दहा गुण दिले नव्हते. आठाच्या वर गेलं की त्याचं पेन अडायचं. त्या संध्याकाळी त्याने चारही ठिकाणी दहा लिहिले. जमेच्या बाजूंत पानं लिहिली, ड्रम लिहिला, आवाज लिहिला. वरच्या खिडकीतली रिकामी खुर्ची त्याला पहिल्या दिवसापासून खुपत होती, पण तिच्याबद्दल त्याने एक अक्षर लिहिलं नाही. उणिवांची चौकट त्याने आखली आणि आत काहीच लिहिलं नाही.

सकाळी अब्बांनी घसा खाकरला आणि बारीक खरखर ऐकू आली. अम्मी स्वयंपाकघरातून धावत आली. अब्बांनी पुन्हा खाकरून दाखवलं, लहान मुलासारखं, आणि तिघंही हसले. त्याने परीक्षणाचा कागद आणि सीडी घेतली आणि नारायण पेठेतलं ऑफिस गाठलं. परीक्षणाबरोबर सीडी द्यावीच लागे, पानावर आणखी चित्रं लागली तर ती तिच्यातूनच निघत.

अनंतरावांनी कागद वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“दहा? तू? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे, सर.”

“आणि उणिवा?”

“नाहीत.”

“नाहीत? अरे, माझ्या लग्नात लोकांनी पंगतीत बसून उणिवा काढल्या. वाढणाऱ्याला ऐकू जातील अशा. आणि तुझ्या या गल्लीत एक नाही?”

“सर, ती चौकट रिकामीच जाऊ द्या.” इम्तियाज टेबलावर वाकला. “गुणांचं काय करायचं ते करा. दहाचे दोन करा. माझं नाव काढा. पण त्या चौकटीत काही लिहू नका. हे कामाचं नाही, घरचं आहे. अब्बांना बोलता येत नाहीये.”

अनंतरावांनी कागद खाली ठेवला. तिरकस बोलणारा माणूस खरोखर चिंतेत पडला की कसा दिसतो, हे नीरजाने आणि इम्तियाजने पहिल्यांदाच पाहिलं. दोन गोष्टींचा संबंध त्यांना अर्थातच कळला नव्हता. “ज्येष्ठमध चघळायला दे त्यांना,” ते हळू म्हणाले. “आणि तू घरी जा. चौकट रिकामी जाईल. शब्द देतो.”

त्यांनी तो शब्द मनापासून दिला होता, हे सांगायला हवं.

पुढचे दिवस बरे गेले. अब्बांच्या घशातली खरखर वाढत गेली. एकदा त्यांनी ‘पाणी’ म्हटलं, अर्धंच, पण म्हटलं. त्यांनी यार्डातल्या माणसाला निरोपही धाडला, की जागा माझी आहे, विसरू नका. कडुनिंबाच्या शेंड्याची दोन-चार पानं हलताना अम्मीने पाहिली.

त्या सकाळी इम्तियाज टेबलाशी बसून मोटारशर्यतीच्या एका रद्दी गेमवर लिहीत होता. संगणक चालू होता, खिडकी उघडी होती. मोबाइल वाजला. नीरजा होती.

“अंक आला,” ती म्हणाली. “तुझं नाव आणि तुझे दहा तसेच आहेत. जाड ठशात. खूश?”

“आणि चौकट?”

“त्याचं असं झालं, सर काल रात्री प्रेसवर गेले होते. तिथल्या माणसाने विचारलं, चौकट चुकून रिकामी राहिली का. सगळ्यांसमोर विचारलं रे. त्यांना राहवलं नाही. चित्र बघितलं आणि उभ्या उभ्या एक ओळ सांगितली. काही वाईट नाहीये.”

“काय ओळ?”

“थांब, वाचते. ‘वरच्या खोलीत संगणक चालू दिसतो, पण समोरची खुर्ची रिकामी आहे. तिथे कोणीतरी बसलेलं दाखवायला हवं होतं.’ एवढंच. साधं आहे.”

“नीरजा, तो अंक थांबव. बाहेर जाऊ देऊ नको.”

“हॅलो?”

“अंक थांबव!”

“हॅलो? इम्तियाज? तुझा आवाज येत नाहीये. ऐकू येतंय का? हॅलो?”

फोन कानाशी तसाच राहिला. आतलं हॅलो-हॅलो थांबलं.

खालून हाक आली.

“इम्तियाज, खाली ये रे, चहा निवतोय!”

खणखणीत. गेटवरच्या चहावाल्यापर्यंत जाईल अशी. इम्तियाजला रडू कोसळलं. सगळी भीती एका क्षणात उतरली. आवाज आला होता. ओळ छापली गेली तरी आवाज परत आला होता. इतकी वर्षं ज्या हाकेवर तो वैतागला, ती त्याने डोळे मिटून अंगावर घेतली.

“आलो, अब्बा!” तो म्हणाला.

“इम्तियाज, खाली ये रे, चहा निवतोय!”

त्या आवाजात खरखर नव्हती. तो स्वच्छ आणि गोड होता.

“इम्तियाज, खाली ये रे, चहा निवतोय!”

तोच चढ. तोच उतार. ‘रे’नंतरचं थांबणंही तेवढंच.

इम्तियाजने उठायला टेबलावर हात टेकले. खरं तर टेकायचं मनात आणलं. हात कळफलकावर होते, तिथेच राहिले. मान तेवढी खिडकीकडे वळत होती.

बाहेर सकाळचं ऊन होतं. कडुनिंबाची सगळी पानं हलत होती, चकाकत होती. दोरीवर कपडे नव्हते. निळा ड्रम जागेवर होता, झाकणावर वीट होती. झाडाखाली फळांचा गाडा होता आणि गाड्यामागे कोणीतरी उभं होतं.

गल्लीच्या तोंडाशी एक सावली आली. तिच्यामागे माणूस नव्हता.

ती झाडापाशी थांबली. गाड्यापाशी थांबली. ड्रमभोवती एक चक्कर मारून आली. मग खिडकीखाली आली आणि तिथे उभी राहिली. बराच वेळ. एखाद्याला काहीतरी खुपतंय, पण नेमकं काय ते अजून सापडत नाहीये, तशी.